अंगठ्याएवढी जागा

धाकुटीला थोरलीचा आशीर्वाद. तुझे गुडघे, तुझा खोकला आणि तुझा नवरा, तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करते. (दुखण्यांत नवऱ्याला मोजलं म्हणून रागावू नकोस. बायकांचं सगळ्यात जुनं दुखणं तेच असतं.) मी धडधाकट आहे, म्हणजे उठताना भिंत धरते आणि बसताना देवाचं नाव घेते. पत्र नेहमीसारखं सुनेच्या हातचं. मी पलंगाच्या कडेला बसून बोलतेय आणि ती स्टुलावर कागद ठेवून लिहितेय. तिला बजावलंय, मी बोलेन तेच लिहायचं, त्यात स्वतःची अक्कल कालवायची नाही. (कालवत नाहीये. — सून) आपल्या आईने तुला शाळेत घातलं आणि मला भांड्यांशी बसवलं, म्हणून तुला वाचता येतं आणि मला घासता येतं. आज दोन्हींची गरज पडली आहे.

तर तुझे भाऊजी मला ओळखेनासे झालेत. हे असं पहिल्या दमात सांगावं की नाही यावर आम्हा सासूसुनांचा वाद झाला. ती म्हणाली, आधी चार इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगा. म्हटलं, धाकुटी बिचारी निम्मा तास चष्मा शोधून वाचायला बसणार, तिला आणखी ताटकळत कशाला ठेवायचं.

ह्यांची आठवण पाझरायला लागली त्याला बरेच दिवस झाले, तुला ठाऊक आहे. पोटच्या पोराला हे आता छापखान्याचा मालक समजतात. तो खोलीत आला की उठून उभे राहतात आणि तो जाईपर्यंत बसत नाहीत. पाय थरथरतात, पण बसत नाहीत. म्हणून पोरगा हल्ली स्वयंपाकघरात जेवतो, बापाला बसायला मिळावं म्हणून. सुनेला ताई म्हणतात, दवाखान्यातली. मी तेवढी शाबूत राहिले होते, आणि ती माझी पुण्याई नव्हे, फुलपात्राची. आईने आपल्या दोघींना एकेक पितळी फुलपात्र दिलं होतं, आठवतं ना, काठाखाली दोन रेघा असलेलं. माझं ह्यांनी लग्नानंतर लगेच बळकावलं. पाणी त्यातूनच प्यायचं आणि घासू मात्र द्यायचं नाही, नुसतं विसळायचं. घासलं की पाण्याला चिंचेचा वास येतो म्हणायचे. ज्या घरातली पितळ-चांदी बघायला शेजारणी यायच्या, त्या घरात हे एक काळंकुट्ट फुलपात्र माझ्या नाकावर टिच्चून फळीवर बसलेलं. आता काळं म्हणजे तेही पुरतं नाही. हे छापखान्यात जुळारी. डाव्या हातात पट्टी धरायची, तिच्यात एकेक अक्षराचा खिळा लावायचा आणि ओळ पडू नये म्हणून अंगठ्याने दाबून ठेवायची. तीच सवय फुलपात्राला. डावा अंगठा रोज एकाच जागी. तेवढी अंगठ्याएवढी जागा झिजून झिजून पिवळीधमक, बाकी सगळं तव्यासारखं. मी ते भरून समोर धरलं की अंगठा आपसूक जागेवर जायचा, मग मान वर व्हायची आणि म्हणायचे, "आलीस?" मी सकाळपासून समोरच असायचे, पण त्यांच्या लेखी मी फुलपात्राबरोबर यायचे. माझी तक्रार नव्हती. कशाबरोबर का होईना, येत तर होते.

आता ऐक काय झालं ते. सून औषधाच्या दुकानात कामाला जाते. तिथून ती भांडी चकाकवायची एक बाटली घेऊन आली. गुलाबी पाणी, वास असा की डोळ्यांत कांदा पिळावा. त्याने हिने चांदीची वाटी पुसली आणि माझ्या नाकासमोर धरली. मी आयुष्य घालवलं चांदीला दातांची पावडर लावण्यात. पितळेला चिंच-मीठ, चिंच नसेल तर आंबट ताक, वरून चाळलेल्या राखेचा कोरडा हात, आणि मग उन्हात पालथं घालायचं पण उन्हात विसरायचं नाही. या प्रत्येक गोष्टीसाठी माझी बोटं उलली आहेत. आणि ही बाटली म्हणते, फक्त पुसा. मी म्हटलं, होऊन जाऊ दे. (आईंनी पदर खोचला होता. — सून) पण घासायला काळं भांडं हवं ना. मी त्याच आठवड्यात डबे, पातेली, दारांच्या मुठीसुद्धा घासून बसलेली. अख्ख्या घरात काळं असं काही उरलंच नव्हतं. मग दोघींची नजर एकदमच फळीवर गेली.

हे झोपले होते. आम्ही फुलपात्राच्या मधोमध उभा दोरा बांधला. एक बाजू चिंचेची, एक बाटलीची. अंगठ्याची पिवळी जागा माझ्या वाटणीला आली, तर मी मनात म्हटलं, बरं झालं, आयती सुरुवात मिळाली. धाकुटे, तेव्हा माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. दोघी इतक्या चुरशीने भिडलो की लग्नानंतर पहिल्यांदाच आमचं एकमेकींशी पटलं. दोरा सोडला तर दोन्ही बाजू सोन्यासारख्या. कोण जिंकलं ते ठरेना म्हणून खालच्या शिवणकामवालीला वर बोलावलं. ती तोंडातल्या टाचण्या न काढताच म्हणाली, मला दोन्हीकडे माझंच तोंड दिसतंय. सामना बरोबरीत सुटला.

मग हे उठले. मी नेहमीसारखं पाणी भरून पुढे केलं. त्यांनी घेतलं. अंगठा जागा शोधायला लागला. काठाकडे गेला, बुडाकडे गेला, पुन्हा काठाकडे, अंधारात कडी चाचपावी तसा. सगळंच पिवळं, कुठे थांबणार. मग फुलपात्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हे आमचं नाही. तुम्ही कोण?"

इतक्या वर्षांच्या संसारात मला पहिल्यांदा तुम्ही म्हटलं. मान मिळायचा तो असा मिळाला. जन्मभर ह्यांनी अक्षरं जुळवली आणि मला त्यातलं एक ओळखता आलं नाही, आता त्यांना मी ओळखू येत नाही. फिट्टंफाट झाली म्हणायची.

तेव्हापासून मी या घरात चोर आहे. सुनेला जवळ बोलावून हे कुजबुजतात, ताई, ती म्हातारी दिसायला गरीब आहे, पण भांड्यांवर तिचा डोळा आहे, नजर ठेवा. (डोळा आहेच म्हणा माझा भांड्यांवर, त्यात खोटं काय.) पाण्याचं विचारलं की सांगतात, आमची मंडळी आणेल, ती आली की पितो. आणि दाराकडे बघत बसतात. मी दारातच उभी असते, तर मान वाकडी करून माझ्या मागे बघतात.

मग आम्ही फुलपात्र काळं करायच्या मागे लागलो. धाकुटे, भांडं उजळायचे उपाय मला झोपेतून उठवून विचार, पण काळं करायचा एक उपाय येत असेल तर शपथ. तो कुणी कुणाला कधी विचारलाच नाही. आधी दिव्यावर धरलं. काजळी छान चढली, पण ती त्यांच्या हातावर, सदऱ्यावर आणि नाकावर उतरली आणि फुलपात्र पुन्हा हसतमुख. मग मिठाचं पाणी लावून खिडकीत ठेवलं, ते हिरवं झालं. सून म्हणाली, हे विष आहे. ते काढायला पुन्हा चिंच लावावी लागली, त्याने आधीपेक्षाही उजळलं. मग शिवणकामवाली म्हणाली की उकडलेलं अंडं कुस्करून त्याच्यासोबत डब्यात कोंडा, अंड्याने धातू काळवंडतो. कोंडलं. डबा उघडला तेव्हा फुलपात्र जरा चहाच्या रंगाचं झालं होतं, पण वास असा सुटला की हे पलंगावर ताठ बसले आणि विचारलं, "कोण गेलं?"

कुणी गेलं नाही असं सांगून ऐकेनात. वास येतोय म्हणजे कुणीतरी गेलंय. बरं, खोलीत रडवेलं तोंड माझं एकटीचंच होतं. तेव्हा ह्यांनी ओळखलं की माणूस माझंच गेलं. मला खुर्ची दाखवली. म्हणाले, बसा बाई. आमची मंडळी आली की तुम्हाला चहा करून देईल, ती फार चांगली आहे, फक्त तोंडाने फटकळ. मग कितीतरी वेळ माझा हात थोपटत बसले. मी तशीच बसून राहिले. माझ्यापाशी माझं कौतुक त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं, मग मध्येच उठून कसं जायचं. (सून इथे थांबली आहे. लिही गं. शाई सुकेल.)

डॉक्टर येऊन गेले. जीभ बघून म्हणाले, पाणी पोटात गेलं पाहिजे, नाहीतर दवाखान्यात हलवून सुईवाटे द्यावं लागेल, आणि या वयात एकदा हलवलं की. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, मीही करत नाही.

बाकी सगळं ठीक. तुझ्या नवऱ्याला नमस्कार सांग, पोरांना आशीर्वाद. हाताला चिंच झोंबते म्हणून पत्र आवरतं घेते. (हात आईंचे, लिहितेय मी. — सून)

तुझी,
थोरली

ताजा कलम: पत्र कशासाठी ते सांगायचं राहिलंच. तुझं फुलपात्र पोस्टाने पाठव. दोन्ही आईने एकाच दुकानातून घेतलेली, रेघासुद्धा तशाच. तुझ्या घरी पितळेला हात लागत नाही ही गोष्ट मी आयुष्यभर चारचौघांत हसून सांगत आले आहे, तेव्हा तुझं आज कोळशासारखं असणार या भरवशावर बसले आहे. मला खोटं पाडू नकोस.

आणखी एक: घासू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. बहिणीकडे जायचं भांडं म्हणून तू ऐन वेळी लाजशील आणि लिंबू फिरवशील. धुऊसुद्धा नकोस. आत कोळी असेल तर कोळ्यासकट पाठव.

शेवटचं: सून नको म्हणत असताना हे तिला लिहायला लावतेय. डॉक्टर तसं म्हणाले हे खरं, पण त्यानंतर ह्यांचं पाणी सुरू झालंय. सुनेच्या हातून, स्टीलच्या ग्लासातून, घटाघट पितात. घाबरू नकोस. पाण्यावाचून त्यांचं अडलेलं नाही. अडलंय ते माझं. तुझं फुलपात्र आलं की मी त्यावर डाव्या अंगठ्याएवढी एकच जागा चिंचेने घासणार आहे, नेमकी कुठे ते माझ्या बोटांना पाठ आहे. मग पाणी भरून पुढे करीन. त्यांनी 'आलीस' म्हटलं तर फुलपात्र तुला परत मिळायचं नाही, आशा सोड. आणि नाही म्हटलं, तर सगळं लख्ख घासून तुझं तुला पाठवून देईन. ते चकचकीत बघितलंस की काय ते समज, तेवढं कळवायला पत्र लिहायला मला कुणाला बसवावं लागणार नाही.