आईच्या लॅपटॉपची मेमरी

बाबा, तुमच्या बायकोनं लॅपटॉपचं बटण जन्मात एकदाच दाबलं, आणि पुन्हा दाबणार नाही म्हणते. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, आता कळवून काही उपयोग नाही, पण दुसऱ्या कोणाला सांगू? लॅपटॉप माझा जुना. ऑफिसनं नवा दिल्यावर हा आईला दिला, आणि आई त्यावर बोटी बघते. समुद्राचा नकाशा असतो, त्यात या घटकेला कुठली बोट कुठे आहे ते रंगीत टिकल्यांनी दिसतं. टिकलीवर बाण नेला की बोटीचं नाव, कुठून निघाली, कुठे चालली, सगळं समोर येतं. जयगडच्या बाहेर नांगरून पडलेल्या बोटींपासून सुरुवात होते, मग दाभोळ, कारण ते तिचं माहेर, आणि मग मला सांगते, "आता जपानला ने." तुम्ही महिनोन्‌महिने बोटीवर असायचात तेव्हा कुठल्या समुद्रात आहात याचा तिला कधी पत्ता नसायचा. तुम्ही पत्रात हवापाणी ठीक आहे एवढं लिहायचात. मी एकदा विचारलं, यात तू बघतेस तरी काय? तर म्हणाली, "तेवा बगायला नाय मिळालं ते." ती हे अगदी साधेपणानं म्हणाली. राग सगळा माझ्या वाट्याला आलाय.

पण हे सगळं मी घरी असेन तेव्हाच. दिवसभर लॅपटॉप टेबलावर बंद पडून असतो. ती त्याच्यावरची धूळ पुसते, रुमाल घालून झाकून ठेवते, आणि संध्याकाळी मी दारात चपला काढतेय तोवर म्हणते, "लाव हां जरा." किती वेळा शिकवलं तिला. हे बटण, एकदा दाबायचं, झालं. "नको गो, माज्या हातून जळंल." हे वाक्य तिचं नाही, बाबा. ते तुमचं आहे.

तुम्हाला आठवत नसणार, म्हणून सांगते. तुम्ही जपानहून मिक्सर आणलात तो दिवस. आळीतली निम्मी माणसं आपल्या स्वयंपाकघरात गोळा झालीत, आत्या पाटावर बसलीय, आणि आई बांगड्याच्या कालवणासाठी खोबऱ्या-मिरचीचं वाटप पाट्यावरून उचलून त्या काचेच्या भांड्यात घालतेय. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी आधी बघितलेला नाही. मिक्सरच्या पिनेचे चपटे पाय आपल्या भिंतीच्या भोकांत बसत नाहीत, तेव्हा तुम्हीच खिशातून पिन बदलायचा अ‍ॅडॉप्टर काढून त्याला जोडता आणि ऐटीत म्हणता, "हां, दाब आता." ती दाबते. मिक्सर किंचाळतो, खालून धूर येतो, घरभर जळका वास. कोणी काही बोलायच्या आत तुमचा आवाज येतो, "बटण दाबायची अक्कल नाय! जळका हात आहे हिचा." आत्या लगेच री ओढते, "एवढ्या लांबून हौसेनं आणलान, नि हिनं पयल्याच दिवशी जाळलान." आई भिंतीला लागून उभी, हाताला वाटप तसंच. त्या दिवसापासून विजेच्या वस्तूला हात लावायचा नाही, असा तुमचा हुकूम झाला. पुढे इथलाच मिक्सर घरात आला, तो शाळेत जायच्या आधी मी फिरवायची. मी नसले की आई पाट्यावर वाटायची. तुम्ही गेलात, आत्या गेली, पाटाही अंगणात गेला, पण हुकूम काही उठला नाही.

तर लॅपटॉप अडायला लागला. नकाशावर टिकल्या फार झाल्या की चित्र जागच्या जागी थिजायचं आणि आई म्हणायची, "बोट बुडली काय?" मेमरी कमी पडत होती. वाढवायची तर कुठलीही आणून चालत नाही, म्हणून मी आधी नीट वाचलं. लॅपटॉपची मेमरी म्हणजे बोटभर लांबीची हिरवी पट्टी. मोठ्या कॉम्प्युटरची याहून लांब असते, ती यात मावत नाही. या पट्ट्यांच्या पिढ्या असतात आणि प्रत्येक पिढीची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे भलत्या पिढीची पट्टी आत जातच नाही. आपल्या लॅपटॉपला जागा किती, जास्तीत जास्त किती मेमरी चालते, हे मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर बघायचं. आईच्या लॅपटॉपला दोन जागा होत्या. एकीत चार जीबीची पट्टी, दुसरी रिकामी, आणि पिढी तिसरी, म्हणजे डीडीआर थ्री. मी बाजारात जाऊन तशीच चार जीबीची डीडीआर थ्री मागितली, दुकानदारानं तशीच दिली.

रविवारी मी बॅटरी काढली, मागचं झाकण उघडलं. आई वाटी घेऊन शेजारी उभी होती, त्यात मी एकेक स्क्रू टाकत होते. पट्टी तिरकी घालून खाली दाबली, दोन्ही बाजूंच्या खिट्या टक्‌ करून लागल्या. छान बसली. झाकण लावलं आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, आज तू लाव. नको नको म्हणाली. मी हट्टच धरला, तिचा हात धरून टेबलापाशी नेला. तिनं बोट पदराला पुसलं आणि दाबलं. दिवा लागला, आतला पंखा घुमला, आणि पडदा काळाच राहिला. आम्ही बघत राहिलो, तो काळाच. "जळला," आई म्हणाली. "तरी तुला सांगत होतंय." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. भर दुपारी, बाबा. ती दुपारची कधी आडवी होत नाही.

मी नवी पट्टी काढली तर लॅपटॉप मुकाट सुरू झाला. काहीच जळलं नव्हतं. मग दोन्ही पट्ट्या उजेडात धरून लेबलं वाचली. जुन्यावर पीसी थ्री एल, नव्यावर नुसतं पीसी थ्री. त्या एलचा अर्थ कमी व्होल्टेज. जुनी एक पूर्णांक पस्तीसवर चालणारी, नवी दीड व्होल्टची, आणि या लॅपटॉपला फक्त कमीवालीच चालते. पिढी एकच, खाचही एकाच जागी, त्यामुळे दीडवाली आत आरामात बसते, चालत मात्र नाही. मी आत जाऊन आईला म्हटलं, माझी चूक झाली, एल बघायचा राहिला, तुझा काही संबंध नाही. एवढंच वाक्य. बोलायला किती वेळ लागतो? तुम्हाला उभ्या जन्मात जमलं नाही ते.

आणि तसं म्हणता म्हणताच मला तुमचा तो काळा डबा आठवला. मिक्सर जळला त्याच्या पुढच्या सुट्टीत तुम्ही स्वतःसाठी टेपरेकॉर्डर आणलात, आणि बरोबर तो जड डबा. टेपची पिन डब्यात, डब्याची पिन भिंतीत. मी विचारलं तेव्हा तुम्ही मला मांडीवर घेऊन समजावलंत की तिकडची वीज शंभर व्होल्टची, आपली दोनशे तीसची, थेट लावलं तर जळतं, हा डबा ती शंभरवर आणतो. मी लहान होते, मला ते एकमेकांशी जोडता आलं नाही. पण तुम्ही बोटीवर इलेक्ट्रिशियन होता! तुम्हाला कोणी सांगायची गरज नव्हती. हौसेच्या भरात तेव्हा विसरलात, हे मी समजू शकते. पण डबा विकत घेताना तर आठवलंच ना? टेपसाठी डबा आणलात, आणि बायकोला दोन शब्द बोलला नाहीत.

मी आईला सगळं सांगितलं. शंभर, दोनशे तीस, डबा. ती उठून बसली. म्हणाली, "त्यांना ठावक होतं?" मी म्हटलं, हो. "टेप आणलान तेवापासून?" हो. मला वाटलं, आता सुटली. एलवाली पट्टी बदलून आणली, बसवली, आणि तिच्यासमोर ठेवून म्हटलं, आता दाब, आता तर कळलंय ना तुला. तिनं हात पुढे केला, बटणाशी थांबवला आणि मागे घेतला. "कळलं गो," म्हणाली, "पण आता हात ऐकत नाय. तूच दाब."

मी दाबलं. नकाशा झरझर उघडला, एकही टिकली थिजली नाही. ती जयगडच्या बोटी बघते, दाभोळ बघते, आणि पुरे म्हणते. जपानला ने म्हणत नाही. तुमच्याबद्दल तिच्याकडे जे थोडंफार चांगलं शिल्लक होतं तेही मी काढून घेतलं, आणि बदल्यात साधं एक बटणसुद्धा देऊ शकले नाही. तिची भीती जावी म्हणून सांगितलं, असं मी स्वतःला बजावत होते. ते खरं नाही. तिनं "त्यांना ठावक होतं?" विचारलं आणि मी हो म्हटलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं. एकदा तरी तिच्यासमोर तुमची मान खाली गेलेली मला बघायची होती. तुम्ही नव्हतात, म्हणून मान खाली गेली ती तिचीच.