बोर्डासमोर फक्त कण्हायचे

७ नोव्हेंबर २०१७, सकाळी ६
रात्रभर कंबर. सतरंजीवर पालथा पडून लिहितो आहे. अकरा वर्षे दुखते आहे, पण माझी तक्रार नाही. (आजची तक्रार : उशी.)
निश्चय : पंधराला बुलढाण्याला मेडिकल बोर्डापुढे जायचे, दिव्यांग सर्टिफिकेट आणायचे. चाळीस टक्के अपंगत्व भरले की एसटीची सवलत, आणि त्या भाड्यात दर आठवड्याला अकोल्याची फिजिओथेरपी. एरवी जमणार नाही. आमची शाळा विनाअनुदानित, म्हणून पेन्शन नाही. दोन एकरांतल्या बीटी कापसाची बोंडे यंदा अळीने आतून खाल्ली. गुलाबी अळी. रंग मात्र सुरेख.

९ नोव्हेंबर
बोर्डासाठी अर्ज शार्दूलविक्रीडितात रचला. श्लोक अकरा. शरयू कापूस वेचून आली होती, तिला ऐकवला. तिसऱ्या श्लोकाला तिने डोळे मिटले. रसिक बाई!
जागी झाल्यावर विचारते, "तिथं दुखते म्हणसान, का कविता म्हणसान?"
पस्तीस वर्षांचा संसार, आणि हा अविश्वास.

१२ नोव्हेंबर
गल्लीत बातमी फुटली. शेजारच्या वच्छलाबाई दारातूनच म्हणाल्या, "कंबर तं आमची बी दुखते गुरुजी. आमी कापूस वेचतो, तुम्ही काय वेचता?"
"शब्द!" असे बाणेदार उत्तर दिले. त्या गेल्यावर.
आता सर्टिफिकेट हवेच. फ्रेम करून दारावर लावणार.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळी
जीपवाला अब्दुल गनी उद्या नेणार आहे. त्याने तालीम घेतली. "अंदर गेल्यावर नुसतं कण्हा, सर. काऊन लाजता? दुखते त दुखते म्हना."
कण्हून दाखवले. त्याला खोकला वाटला.
निश्चय : उद्या काव्याची एकही ओळ नाही. अर्ज गद्यात. काठी सोडायची नाही.

१५ नोव्हेंबर, दुपारी
घाटातल्या वळणांनी कंबरेचे काम सोपे केले. पोचलो तेव्हा अगदी चाळीसच्या वर होतो.
आत गेलो तर बोर्डात डॉक्टर मदिहा! माझी सातवी ब मधली. उठून उभी राहिली. "सर, तुमची ती फुलवेलीची कविता अजून पाठ आहे." म्हणू लागली आणि दुसऱ्याच कडव्यात अडली.
मुलगी अडलेली मला बघवत नाही. काठी टेबलाला टेकवली. सातही कडवी म्हटली, साभिनय. "वेल वाकते" ला पूर्ण वाकलो. बोटे बुटांना लागली. "फूल डोलते" ला दोन्हीकडे डोललो. बोर्डाने टाळ्या वाजवल्या. शिपायाने सुद्धा.
मग मदिहाने विचारले, "सर, त्रास काय होतो?"
म्हणालो, "विशेष काही नाही, बेटा."

तोच दिवस, जीपमध्ये
मागच्या सीटवर आडवा. दवाखान्याच्या पायरीवर जे बसलो, ते उठताच येईना. गनीने आणि दोन पेशंटनी उचलून आणले. त्यातल्या एकाचा हात प्लॅस्टरमध्ये होता.
गनी म्हणतो, "इतली ॲक्टिंग तं सिनेमातले बी नाही करत, सर. पण तुम्ही उलटीच केली, दुखते तं नाही दुखत म्हनून."
अरसिक.

२४ नोव्हेंबर
निकाल. अडतीस टक्के.
आमच्या शाळेत पस्तीसला पास. शिवाय काठावरच्या प्रत्येक पोराला मी ग्रेस दिला, कधी कधी पाच पाच. लगेच फोन करून दोन मार्क मागितले. क्लार्क म्हणाला, "आजोबा, हे दुखणं आहे, परीक्षा नाही."
कागदावर शेरा : 'रुग्ण उत्साही. आधाराविना दहा मिनिटे उभे. पुढे पूर्ण वाकतात.' गुणगौरवच म्हणायचा. वच्छलाबाईंना दाखवला नाही.

२५ नोव्हेंबर
कूस बदलता येत नाही. शरयूने माझ्या पायांत मोजे घातले, मग स्वतः अपिलाचा फॉर्म भरला. आज वेचणीला गेली नाही. माझ्या खाली उशी सरकवून म्हणाली, "या खेपेले मी येतो. बोलाचं मी. तुम्ही फक्त दुखा."
बरे, म्हणालो. तेवढे येते मला.