ओल्या हवेतलं सफरचंद

एनस्खेडे, ८ फेब्रुवारी २०२१

चि. सौ. योगिनीस अ. उ. आ.

नवऱ्याच्या व्हिसावर इथे नेदरलँड्समध्ये आलेल्या आपल्यासारख्या बायकांना सल्ले सगळे देतात, काय हवंय ते कुणी विचारत नाही. म्हणून तुला परसात सफरचंद लावावंसं वाटलं, याचा मला आनंद आहे. फोनवर तू रडतेस नि मी ओरडते, तेव्हा लिहिते.

चकचकीत फळांचा मोह सोड. कॉक्स ही जात चवीला उत्तम, पण तुमच्याकडच्या ओल्या वाऱ्यात तिच्या खोडाला फोड येतात. डिस्कव्हरी घे, ती पावसात टिकते. फळ धरायला दुसऱ्या जातीचं झाड जवळ लागतं, ते शेजारच्या आजींकडे आहेच.

तुझे शिरीषराव कोरोनातून उठून इस्पितळातून सुखरूप घरी आले. आता तूही जरा जेवत जा.

तुझी ताई,
संहिता

कापेल आन डेन आयसेल, १६ मे २०२१

ती. सौ. ताईस सा. न.

डिस्कव्हरीच लावली, तरी पानांवर काळे डाग आलेत. पाऊस थांबेना म्हणून मी रोपाभोवती प्लास्टिकचा तंबू केला होता. आत सगळं ओलंच राहिलं.

शिरीष पुन्हा खोकतोय. टेस्ट निगेटिव्ह आली. आमचे हाउसआर्ट्स डॉक्टर म्हणाले, दमा बळावलाय, घरात ओल आहे का बघा. त्याच्या खोलीच्या कोपऱ्यात बुरशी आहे, ताई. खिडकीच्या फटींना मीच चिकटपट्टी लावलीय. तो हवा मागतो, मी म्हणते, हवेतूनच तर आलं होतं. त्याला परत अँब्युलन्समध्ये चढताना बघायची ताकद माझ्यात नाही.

आईला कळवू नकोस. माझ्यावरची माया कमी करू नकोस.

योगिनी

एनस्खेडे, १९ मे २०२१

चि. योगिनीस,

पाकीट तू विषाणूच्या धास्तीने शेडमध्ये ठेवून देशील, म्हणून हे उघडं कार्ड. पोस्टमनला मराठी येत असेल तर त्यालाही चहाला बोलव.

तुझी भीती खरी आहे. तो इस्पितळात होता तेव्हा फोन वाजला की मीही तो दोनदा वाजू देऊन मगच उचलायचे. पण डोळे उघडून बघ. तंबूत पानं कोरडी व्हायला वारा मिळाला नाही, तिथेच डाग धरले. बाहेरच्या आजाराला तू दार लावलंस आणि घरातल्या आजाराला अंथरूण घालून दिलंस. झाड पुढच्या वर्षी सावरेल. तुझ्या नवऱ्याच्या छातीला तेवढी सवड नाही.

लोभ आहेच, तो कुठे जात नाही. हे कार्ड हातातून खाली ठेव, चिकटपट्टी ओढून काढ आणि शिरीषच्या खोलीची खिडकी उघड.

ताई