विहीणबाईंशी दीडपट वेगाने

३ फेब्रुवारी, रविवार
लेकीच्या होणाऱ्या सासरी जाऊन आलो. तिसरा मजला. लिफ्ट जुनी, दार आदळतं, तपासणीची तारीख उलटून गेलेली. मी लिफ्ट इन्स्पेक्टर, जीभ वळवळली, पण सोयरीक आहे म्हणून आवरलं. जावई बरा वाटला. कमी बोलतो, आपलं ऐकून घेतो. त्याची आई जन्मापासून बहिरी. चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवते, एकटीने मुलाला वाढवलं. मी दोन तास जावयाशी लिफ्टच्या ब्रेकवर बोललो. गप्पा छान रंगल्या.

 परत येताना लेक म्हणाली, बाबा, तुम्ही त्याच्या आईकडे एकदाही बघितलं नाही. मी म्हटलं, बघून काय उपयोग, त्यांना ऐकू येत नाही. ती म्हणाली, बघायला कान लागत नाहीत. हल्लीची मुलं फार उलटून बोलतात. आमच्या हिने माझी बाजू घेतली नाही. नोंद करून ठेवतो.

४ फेब्रुवारी, सोमवार
प्रकरण चिघळलं. आम्ही निघाल्यावर विहीणबाईंनी मुलाला हाताने विचारलं म्हणे, यांना माझ्याशी बोलायचं नाही का? लेकीने मला अट घातली. मला, बापाला! १४ एप्रिलला पुन्हा त्यांच्याकडे जेवायला जायचं आहे. तेव्हा विहीणबाईंशी त्यांच्या भाषेत चार वाक्यं बोलायची. नाहीतर मे महिन्यात लग्न नोंदवताना साक्षीदाराची सही आई करेल, तुम्ही घरीच थांबा.

बहिऱ्यांच्या शाळेत दर शनिवारी खुणांच्या भाषेचा वर्ग असतो. शिकवणाऱ्या बाई स्वतः बहिऱ्या. मायलेकींनी आजच नावं घातली. मलाही चला म्हणाल्या. पंचावन्नाव्या वर्षी बाकावर बसायचं आणि हजेरीला हात वर करायचा! शाळा सुटल्यापासून मी कुणापुढे हात वर केलेला नाही, करणारही नाही.

शाळा, वर्ग, बाक, खडू हा सगळा धंदा आता मोडीत निघायला हवा. मास्तर लोकांनी जगाचं ज्ञान शंभर वर्षं दाबून धरलं होतं. आता ते खिशात आलंय. मी इंटरनेटवरून शिकणार. घरात तसं जाहीर केलं. ही म्हणाली, बरं. तिचं ‘बरं’ मला आवडत नाही.

६ फेब्रुवारी
गुरू सापडला. दाढीवाला, काळा शर्ट, मागे पांढरी भिंत. त्याचा पहिला धडा पस्तीस लाख लोकांनी पाहिलाय. पस्तीस लाख माणसं एकदम चुकू शकत नाहीत. बहिऱ्यांच्या शाळेतल्या बाईंच्या वर्गात सगळे मिळून नऊ.
निश्चय: रोज सकाळी अर्धा तास. खाडा नाही.

७ फेब्रुवारी
खाडा. पाठ धरली.

९ फेब्रुवारी, शनिवार
मायलेकी वर्गाला गेल्या. मी घरी आरामात, खुर्चीत, चहा घेत तीन धडे उरकले. प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला दाढीवाला प्रस्तावना करतो आणि शेवटी उपदेश. दोन्ही पुढे ढकलायचे. मधलंच कामाचं. शिवाय वेग दीडपट करता येतो. बाईंना करून दाखवा म्हणावं दीडपट!

त्या दोघी दुपारी आल्या. दोन तासांत काय शिकलात, विचारलं. तर म्हणे, एकमेकींकडे नीट बघायला. फुकट गेलेल्या शनिवारबद्दल मी सहानुभूती व्यक्त केली.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार
ऑफिसात एका लिफ्ट कंपनीचा नवा मेकॅनिक परवान्यासाठी आला होता. चांगला मिशाळ गडी. ब्रेकची जुळणी कुठे शिकलास, विचारलं. म्हणाला, व्हिडिओ बघून. मी अर्ज तिथल्या तिथे परत केला. त्याला सुनावलं की, बाबा रे, त्या दोराला माणसं लटकलेली असतात. कुणीतरी शेजारी उभं राहून तुझा हात धरून चूक दाखवल्याशिवाय ही विद्या येत नाही. बघून पोहायला शिकलेला पहिल्याच डुबकीत तळाला जातो. बिचारा मान खाली घालून गेला. असल्या लोकांमुळे अपघात होतात.
संध्याकाळी पाच धडे. वेग पावणेदोनपट.

२३ फेब्रुवारी
सरावाला उत्तम जागा मिळाली. तपासणीला जातो त्या लिफ्टमध्ये आरसा असतोच. आज सात मजले वर, सात मजले खाली, बोटं सतत चालू. चौथ्यावर दार उघडलं. एक बाई, हातात भाजीची पिशवी. मी ओळखीचं हसलो आणि खुणेने ‘नमस्कार, आपण कशा आहात’ विचारलं. त्या जिन्याने गेल्या. अडाणी लोक.

टीप: दाढीवाला भुवया फार उडवतो, डोळे मोठे करतो, गाल फुगवतो. नाटकीपणा. माझा चेहरा सरकारी आहे आणि तसाच राहील. खुणा हातांच्या आहेत, तोंडाचं काय काम?

२ मार्च, शनिवार
मायलेकी जेवणाच्या टेबलावर सराव करतात. वेग गोगलगायीचा. एक वाक्य, मग हसणं, मग तेच वाक्य पुन्हा. मधेच दोघी हाताचा पंजा गालाशी नेतात आणि मान भिंतीकडे वळवतात. दहा वेळा तरी केलं असेल. मानेचा व्यायाम दिसतोय. भाषेच्या वर्गात कवायत! मी काही बोललो नाही, पण चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण दोघी जास्तच हसल्या.

माझ्या आणि त्यांच्या काही खुणा जुळत नाहीत. साहजिक आहे. बाईंना जुनंच येत असणार, इंटरनेट अद्ययावत असतं.

१० मार्च
कोर्स पूर्ण! शेवटी पन्नास प्रश्नांची परीक्षा. चुकलं की पुन्हा उत्तर देता येतं, बरोबर येईपर्यंत. ही खरी आधुनिक पद्धत. शंभरपैकी शंभर. प्रमाणपत्र छापून, फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं. हिने विचारलं, इथे आधी आईंचा फोटो होता, तो कुठे आहे? आहे, कपाटात सुरक्षित आहे.

मायलेकींना अजून प्रमाणपत्र नाही. बाई म्हणतात म्हणे, विहीणबाई देतील तेच प्रमाणपत्र. म्हणजे बाईंना छापील कागद देण्याचा अधिकारच नाही.

१६ मार्च
एक नवीन माहिती वाचली. बहिरे लोक प्रत्येक माणसाचं एक खुणेचं नाव ठेवतात. कुणाला गालावर तीळ असेल तर तो दाखवतात, कुणी सारखा हसत असेल तर ते हसू. असं नाव स्वतः घ्यायचं नसतं, ते त्यांनीच द्यायचं असतं. पण मोठी माणसं कामात असतात, त्यांच्यावर कशाला भार? मी ठेवून घेतलं: तळहात सरळ वर नेणे. लिफ्ट. प्रगती. दोन्ही अर्थ. आरशात फार भारदस्त दिसतं.

३० मार्च, शनिवार
ही म्हणाली, एकदा मला करून दाखवा, काही चुकत असेल तर सांगेन. आठ आठवड्यांची विद्यार्थिनी शंभरपैकी शंभरवाल्याला तपासणार! म्हटलं, थेट १४ तारखेलाच बघ. ती म्हणाली, अहो, हात दाखवून अवलक्षण व्हायचं. मी तिला म्हटलं, मत्सर वाईट.

१३ एप्रिल
भाषण तयार: मी आपल्या मुलाचा सासरा. आपणास भेटून आनंद झाला. आपली तब्येत कशी आहे? आता दोन्ही घरं एक झाली. शेवटी माझं खुणेचं नाव. एकूण वेळ अकरा सेकंद. दाढीवाल्यालाही इतक्या चपळाईने जमणार नाही. उद्या मायलेकींचा चेहरा बघण्यासारखा होईल.

१४ एप्रिल, सकाळ
नवा शर्ट. बोटं गरम पाण्यात शेकली.

१४ एप्रिल, संध्याकाळ
लिहावंसं वाटत नाही. थोडक्यात लिहितो.

दारातच सुरुवात केली. विहीणबाई पुढे झुकून बघत होत्या. इतकं लक्ष देऊन माझ्याकडे आजवर कुणी बघितलेलं नाही, वरिष्ठांनीसुद्धा नाही. मी थांबलो. कुणीही हललं नाही. मी सगळं पुन्हा केलं, या वेळी अजून जलद. विहीणबाई मुलाकडे वळून हाताने काही बोलल्या. जावई खाली बघत होता. अर्थ आमच्या हिने सांगितला: त्या विचारतायत, यांची तब्येत बरी आहे ना?

मग जावयाने हळूच सांगितलं की ही एक खरी भाषा आहे, पण समुद्रापलीकडच्या एका देशातल्या बहिऱ्यांची आहे. प्रत्येक देशाची निराळी असते. त्यांची अक्षरं एका हाताची, आपली दोन हातांची. मला कुणी सांगितलं असतं तर? हे सगळ्या जगाला ठाऊक असल्यासारखं तो बोलत होता. शिवाय ही म्हणाली की भुवया वर केल्याशिवाय प्रश्न होतच नाही. म्हणजे मी ‘तब्येत कशी आहे’ विचारलं नाही, तब्येतीबद्दल नुसता हुकूम सोडला. तोही परक्या भाषेत. तोही दुप्पट वेगाने.

नंतर हिने सावकाश, एकेक बोट मोजल्यासारखं, विहीणबाईंना काहीतरी सांगितलं. दोनदा चुकली. विहीणबाईंनी तिचा हात धरून नीट केला. मग दोघी हसल्या. माझी बायको इतकी हसते हे मला माहीत नव्हतं.

जेवताना कुणीही तोंडाने बोललं नाही. चौघांचे हात चालू, घास घेतात, चमचा ठेवतात, बोलतात, पुन्हा घास. मी मधे. दोन तास. माझ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. ती मानेची कवायतही बऱ्याचदा झाली: पंजा गालाशी, मान बाजूला. दरवेळी मी त्या दिशेला बघितलं. खिडकी होती. खिडकीत काही नव्हतं.

शेवटी विहीणबाईंनी दुकानाच्या पावतीची मागची बाजू माझ्यापुढे सरकवली. सुरेख अक्षरात लिहिलं होतं: भाजी आणखी वाढू का? मी खाली ‘नको, धन्यवाद’ लिहिलं. लिहिताना लक्षात आलं, माझं पेन फेब्रुवारीतही खिशातच होतं. मग भाजी वाढून घेतली.

१५ एप्रिल
दाढीवाल्याच्या धड्याखाली सणसणीत प्रतिक्रिया टाकली. फसवणूक. एका प्रतिष्ठित अधिकाऱ्याची सोयऱ्यांसमोर शोभा. इंटरनेटवरचं शिक्षण म्हणजे भोंदूगिरी, बंदी घातली पाहिजे. तपासणी नाही, परवाना नाही, कुणीही उठतो आणि शिकवतो.
प्रमाणपत्र काढलं. आईचा फोटो परत लावला. आई नाराज दिसते.

१६ एप्रिल
दाढीवाल्याचं उत्तर आलं. भाषांतराचं बटण दाबून वाचलं. सभ्य माणूस आहे, तेच जास्त लागतं. म्हणतो, साहेब, ही कोणत्या देशाची भाषा आहे ते मी प्रत्येक धड्याच्या पहिल्या मिनिटात सांगतो. आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी सांगतो की मी फक्त तोंडओळख करून देतो, खरी भाषा तुमच्या गावातल्या बहिऱ्या माणसांसमोर बसून शिका.
तपासून बघितलं. चाळीसच्या चाळीस धड्यांत सांगितलंय. निर्लज्जपणा म्हणजे किती!

१७ एप्रिल
ही कपड्यांच्या घड्या घालत होती. सहज विचारलं, त्या दिवशी तुम्ही सारखं खिडकीकडे काय दाखवत होता? तिचा हात थांबला. म्हणाली, खिडकी नाही हो. ते तुम्ही.

विहीणबाईंना माझ्याबद्दल बोलायचं म्हणजे दरवेळी ‘सुनेचे वडील’ असं लांबलचक करावं लागे. म्हणून पहिल्या भेटीच्या संध्याकाळीच त्यांनी मला नाव देऊन टाकलं. मान फिरवून बसणारा. अडीच महिने त्या घरात, वर्गात आणि माझ्याच जेवणाच्या टेबलावर मी त्या नावाने नांदतोय.

मी म्हटलं, मला सांगायचं नाही का? ती म्हणाली, मी रोज तुमच्यासमोर करत होते, तुम्ही बघत नव्हता.  वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. हे लिहून ठेवतो, कारण बोलून दाखवणार नाही.

नंतर लेकीला विचारलं, नाव बदलून मिळतं का? माझ्याकडे एक तयार आहे, तळहात वर. ती म्हणाली, ज्याने दिलं त्याला बदलावंसं वाटलं तर बदलतं, अर्ज करून नाही. सहीचं काय, विचारलं. म्हणाली, मे महिना लांब आहे, आधी शनिवारी वर्गाला तर या.

१९ एप्रिल
तो मिशाळ मेकॅनिक पुन्हा आला होता. कुणा जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली राहू लागलाय म्हणाला. शहाणा आहे. मी त्याला चहा पाजला. का, ते त्याला कळलं नाही.

२० एप्रिल, शनिवार
वर्गाला गेलो. बाक लहान आहेत, गुडघे आपटतात. मायलेकी दुसऱ्या इयत्तेपर्यंत पोचलेल्या म्हणून पुढच्या खोलीत. मी नव्यांत, पहिल्या रांगेत. शेजारी सहा वर्षांची एक मुलगी, तिचा भाऊ बहिरा आहे. तिला माझ्यापेक्षा जास्त येतं.

बाईंनी हजेरी सुरू केली. तोंडाने नाही, प्रत्येकाच्या खुणेच्या नावाने. शेजारणीच्या पाळीला गालावरची खळी दाखवली. तिने हात वर केला. मग बाईंनी पंजा गालाशी नेला आणि मान भिंतीकडे वळवली.

मी हात वर केला.