पिस्ता रंगाची तयारी

सोमवार, ४ नोव्हेंबर
आधी दुरुस्ती. शनिवारी लिहिलं की घरात लोकरीचे अकरा गुंडे आहेत. चूक. चौदा आहेत. तीन माझ्या उशीच्या अभ्र्यात होते. लपवले नव्हते, उशी बसकी झाली होती. शाळेत घालण्याआधी आईने मला घरीच शिकवलं, तेव्हाचा नियम: चूक खोडायची नाही, खाली दुरुस्त करून लिहायची.
वहिनीचं बाळ फेब्रुवारीच्या मध्यावर येणार. पहिला स्वेटर आत्याचाच हवा, असं वहिनी म्हणाली. आत्या म्हणजे मी. तिने तिच्या आईलाही कळवून टाकलं, स्वेटर सोडून काहीही आणा. जबाबदारीचं काम आहे. घाई करणार नाही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर
एवढ्याशा स्वेटरला तीन गुंडे पुरतात. पिस्ता रंगाचे तीन आणले. मग हाताशी एक जास्तीचा असावा म्हणून परत गेले. चौथा घरी आणून खिडकीत धरला तर जरासा पिवळट. चिठ्ठीवर रंगाचा लॉट वेगळा, म्हणजे रंगवण्याची खेप दुसरी. लोकरवाल्या काकू म्हणाल्या, अगं, बाळाला ऊब कळते, लॉट नाही. पण मला कळतो ना. नव्या लॉटचे आणखी तीन घेतले. जुने तीन आता सुटे पडले. दादा म्हणाला, एकच बाळ आहे म्हणे, की तुला काही वेगळं कळलंय?

मंगळवार, २६ नोव्हेंबर
विणण्याआधी नमुन्याचा चौकोन विणायचा, धुवायचा, वाळवायचा, टाके मोजायचे. वीस यायला हवेत. एकवीस आले. जाड सुई घेतली. एकोणीस. मधली सुई आणायला दुकानात गेले. तिथे सुयांच्या शेजारीच बदामी लोकर मांडतात. यात माझा दोष नाही. सहा.

गुरुवार, १२ डिसेंबर, सकाळी ७
निश्चय. स्वेटर पूर्ण होईपर्यंत नवी लोकर नाही.

तोच दिवस, संध्याकाळी ६
बटणं आणली. बटणं म्हणजे लोकर नव्हे. त्यांना शोभेल अशी किनार मात्र हवी, म्हणून दोन गुंडे. किनार स्वेटरचाच भाग असते. निश्चय शाबूत आहे.

शुक्रवार, ३ जानेवारी
वहिनीने बाळाच्या कपड्यांसाठी कपाटाचे दोन खण रिकामे केले. एकात तात्पुरती लोकर ठेवली. दुपारी दुसऱ्यातही. बाळाचे कपडे पिशवीत, पिशवी खुर्चीवर. आईने विचारलं, या घरात बाळ येणार आहे की मेंढी? वहिनी हसली, आणि मला म्हणाली, टाके घातलेस ना गं? म्हटलं, घातले. नमुन्याचे घातलेच होते. खोटं बोलले नाही. तरी जेवण गेलं नाही.

सोमवार, २० जानेवारी
प्रत्यक्ष कामाला सुरुवात. सगळी लोकर रंगवार लावली, प्रत्येक गुंड्याला नंबर दिला, वहीत नोंद केली. एकसष्ट. फार समाधान वाटलं. आता विणणं म्हणजे नुसता हाताचा भाग राहिला.

शनिवार, १ फेब्रुवारी
मुलगी झाली. दोन आठवडे आधी. दोघी सुखरूप. इतकी गोड आहे की तिला दोष देववत नाही. पण ठरलेली तारीख ती ठरलेली तारीख.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
बाळ घरी आलं. अंगात पिस्ता रंगाचा स्वेटर. मी बघतच राहिले. खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई आल्या होत्या. वहिनी त्यांना म्हणाली, आत्याने विणलाय. मास्तरीणबाईंनी चष्मा चढवून बाही न्याहाळली. म्हणाल्या, काय हात आहे पोरीचा! अगदी मशीनवर केल्यासारखा. मी गप्प बसायला हवं होतं. त्याऐवजी मधली सुई वापरण्याचे फायदे सांगितले.
नंतर वहिनीने सांगितलं. दादाने काल बाजारातून आणला, मानेमागची कंपनीच्या नावाची पट्टी तिने कापून टाकली. म्हणाली, माझ्या आईसमोर तुझी मान खाली जायला नको होती. त्यापेक्षा रागावली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
मास्तरीणबाई दर शनिवारी चार बायका जमवणार आहेत. मी त्यांना विणकाम शिकवायचं. पहिली बैठक १५ मार्चला. येताना तो स्वेटर आण म्हणाल्या, उलटून बघू. नाही म्हणणार होते. लोकरीचे कोणते रंग आणू, असं त्यांनी विचारलं आणि माझा तोल गेला.

रविवार, ९ मार्च
सकाळी वहिनीला सांगितलं, मी बायकांसमोर खरं सांगणार. ती बाळाला थोपटत म्हणाली, सांग की. पण खोटं माझ्या तोंडून गेलंय, तुझ्या नाही; त्या मलाच हसतील. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझं मन मोकळं होणार आणि तिला जिन्यात तोंड चुकवत फिरावं लागणार. ज्या माणसाने मला सांभाळून घेतलं, त्यालाच मी पुढे करणार होते.
बराच विचार केला. एकच मार्ग आहे. शनिवारच्या आत अगदी तसाच स्वेटर विणायचा, तोच घेऊन जायचं. मग आत्याने विणलाय हे खरंच होईल. वहिनी सुटेल, मीही सुटेन. सहा दिवस आहेत. एवढासा तर स्वेटर. यावेळी नमुना नाही, किनार नाही, कारणं नाहीत. लगेच कपाट उघडलं आणि बाळाचा स्वेटर एकेका गुंड्याशी लावून पाहिला. त्र्याऐंशी गुंडे. पिस्ता रंगाचेच एकोणीस. जुळणारा एकही नाही.
उद्या दुकान बंद असतं. मंगळवार, ११ मार्च, सकाळी दहा वाजता. फक्त तीन गुंडे. फार तर चार.