सगळ्यात लहान खोली

३ जून

चार पानं लिहिलीस आणि माझ्या गुडघ्याची विचारपूस एका ओळीतही नाही! अणूच्या पोटात काय चाललंय ते मात्र सविस्तर.

चि. टिटवीस आजीचे अनेक आशीर्वाद.

शाळेतली नोकरी त्या एका नमुना पाठावर ठरणार, म्हणून तुझा पाठ दोनदा वाचला. अणू लहान की मधलं केंद्र जवळ, मग नवा इलेक्ट्रॉन जोरात ओढला जातो. मध्ये जास्त थर आले की ओढ बोथट होते. इथवर पटलं. पण फ्लोरिन लहान म्हणून त्याची ओढ सगळ्यात जास्त, हे काही पटेना. तीस वर्षं नर्सांच्या वसतिगृहात खोल्या वाटतेय मी. एक खोली लहान, एक मोठी; दोन्हींत आठ-आठ खाटा, सात-सात जणी. तरी लहान खोलीतल्या नवीला बघून नाकं मुरडतात, मोठीतल्या सरकून घेतात. तुझ्या फ्लोरिनच्या बाहेरच्या थरात सातच ना? मग पुस्तक उघड, डोळे वापर.

आजी

११ जून

ती. आजीस सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? आजी, तू बरोबर निघालीस! क्लोरिन मोठा, बाहेरच्या थरात त्याचेही सातच, पण ओढीचा आकडा त्याचाच जास्त. फ्लोरिनमध्ये इतकी दाटी की आतले नव्याला ढकलतात. मी चुकीचंच शिकवून आले असते! काल पाठात तुझ्या खोल्याच फळ्यावर काढल्या. मुख्याध्यापक मध्येच म्हणाले, उत्तर फ्लोरिन हवं, तुम्ही चुकताय. मी खोडलं नाही. त्यांनी कपाटातून पुस्तक काढलं, पाहिलं, आणि हसत पुढच्या बाकावर येऊन बसले. नोकरी मिळाली! सोमवारी रुजू व्हायचंय. खोल्या तुझ्या आहेत कळल्यावर मुख्याध्यापकांनी तुला विचारलंय, नायट्रोजनमध्ये दोघा-दोघांच्या तीन कप्प्यांत एकेकच इलेक्ट्रॉन, म्हणजे तीन जागा मोकळ्या, तरी तो नव्याला का घेत नाही?

आहे तसाच रागावता लोभ राहू दे.

तुझी टिटवी

१५ जून

नोकरीची बातमी इतकी खाली? वर लिहायला शाई नव्हती?

चि. टिटवीस आशीर्वाद.

पत्र वाचून अख्खं वसतिगृह जिन्यात गोळा केलं. रात्रपाळी करून झोपलेल्यांनाही उठवलं, त्यांची बोलणी खाल्ली, तरी दोनदा वाचून दाखवलं!

मुख्याध्यापकांना सांग, नायट्रोजन म्हणजे तीन दुमजली खाटा, प्रत्येकीवर एकच मुलगी. जागा दिसते खरी, पण तिघी ऐसपैस. नवी आली की एकीला खाट वाटून घ्यावी लागणार. कोण हो म्हणेल?

आता माझा प्रश्न. माझ्या नातीला घरी यायला पहिली सुट्टी कधी देणार? उत्तर मुख्याध्यापकांनी स्वतः लिहायचं, तारखेसकट. तू पेन हातात घ्यायचं नाहीस. तू नुसतं ‘लवकरच’ लिहितेस.

आजी