दिल्ली ते पुणे, दोन तास

आई, आज मुलगी विमानाने पुण्याला गेली. ‘पोचले, बाबा’ असा मेसेज आला तेव्हा कुठे मी कामवालीला केर काढू दिला. बायको हसली. हसू दे.

तुझाच नियम तो. घरचं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही. मी दिल्लीला निघालो की पुण्याचं घर दीड दिवस तसंच पडून असायचं, मी गाझियाबादच्या माझ्या खोलीजवळच्या एसटीडी बूथवरून फोन करेपर्यंत. वहिनी वैतागायची, पण तुझ्यापुढे बोलणार कोण? मग नव्या कंपन्यांची विमानं सुरू झाली. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसात साहेब लोकांच्या दौऱ्यांची तिकिटं मीच काढायचो, सगळ्या वेळा तोंडपाठ. स्वतः विमानात कधी पाय ठेवला नव्हता, पण ऐट काय ती! त्या दिवाळीत तुझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून चकली मोडत मी तुला सांगतोय, रेल्वेने सत्तावीस तास, विमानाने जेमतेम पावणेबाराशे किलोमीटर, दोन तास. तू पुरण शिजायला टाक, पहिली पोळी तव्यावर पडायच्या आत मी दारात. तू म्हणालीस, चला, केराचा तरी प्रश्न सुटला.

पुढच्याच उन्हाळ्यात ऑफिसात दादाचा फोन आला. डॉक्टरांनी हात टेकलेत, आहेस तसा निघ. साहेबांनी स्वतः फोन फिरवून दुपारची सीट मिळवली, वर गाडीही दिली. पालम विमानतळावर बोर्डिंग पास हातात घेऊन बसलोय, काचेपलीकडे विमान उभं आहे, आणि मी उठलो ते उलट्या दिशेने. दारावरच्या शिपायाला म्हणालो, “कुछ छूट गया घर पे,” आणि बाहेर पडलो. तडक निजामुद्दीन स्टेशन गाठलं. गाडीत चढण्याआधी दादाला फोन करून सांगितलं की विमान रद्द झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचलो तर तू बर्फाच्या लादीवर. माझ्यासाठीच सगळे थांबले होते. आदल्या दिवशी दिवेलागणीलाच गेली होतीस. घरभर औषधांची वेष्टनं, कापूस, धूळ. वहिनी रडत सांगत होती की तू सारखी किती वाजले विचारत होतीस. मी रेल्वेने येतोय हे तुला सांगायचा कुणाला धीर झाला नाही. तिने केरसुणी हातात घेतली तर म्हणालीस, “राहू दे. दोन तासांत येतोय तो.”

ते विमान चार वाजता पुण्याला उतरलं होतं. मी नंतर चौकशी केली, माझं कामच होतं ते. तुझ्याजवळ बसायला दोन तास सहज मिळाले असते.

दादा शेवटपर्यंत त्या विमान कंपनीला शिव्या घालायचा. मी मान खाली घालून ऐकायचो. आता तोही गेला, म्हणजे ज्यांना सांगायला हवं होतं त्यातलं कुणी उरलं नाही. हा कागदही कपाटात जाईल, त्या बोर्डिंग पासाशेजारी.

विमान रद्द झालं नव्हतं, आई. मी घाबरलो होतो.